दरवर्षी सोयाबीनच्या मळणीत उठणारा दमा

परभणी जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातील मुलाने आपल्या आईविषयी विचारले आहे. आईंचे वय ४४ असून गेली १२ वर्षे त्यांना दमा आहे. एरवी त्या शेतातली आणि घरातली सर्व कामे करतात, पण सोयाबीनच्या मळणीपासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत दरवर्षी एकदा-दोनदा त्यांना मध्यरात्री तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागते. तेथे वाफ, इंजेक्शन आणि गोळ्या मिळाल्यावर आठ दिवसांत बरे वाटते, मग औषधे बंद होतात आणि निळा पंप तेवढा उशाशी राहतो. त्याचे प्रश्न तीन आहेत : त्याच दिवसांत हवेत नेमके असे काय असते, आईंनी शेतात जाणे सोडावे का, आणि पंप कायम घेतल्यास त्याची सवय लागते का.

मराठवाड्यात छातीच्या रुग्णांवर उपचार करताना हे वर्णन मी इतक्या वेळा ऐकले आहे की, ऑक्टोबर उजाडला की कोणकोणत्या गावांतून रुग्ण येतील याचा अंदाज आधीच बांधता येतो. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत आधी एक समजूत दूर करायला हवी. अटॅक मध्यरात्री आला म्हणून तो त्या रात्रीचा असतो असे नाही. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकांचे आतले अस्तर वर्षभर कमी-अधिक सुजलेले असते, आणि बरे वाटत असतानाही ही सूज पूर्णपणे ओसरलेली नसते. अशा अस्तरावर धूळ, धूर, बुरशी किंवा सर्दीचा विषाणू यांचा मारा झाला की तीन गोष्टी एकदम घडतात : नळीभोवतीचे स्नायू आवळतात, सूज आणखी वाढते आणि चिकट बेडका नळीत अडकतो. आत घेतलेला श्वास बाहेर सोडणेच अवघड होते, म्हणून छातीत सूं-सूं आवाज येतो. पहाटे २ ते ४ च्या दरम्यान श्वासनलिका स्वभावतःच थोड्या अरुंद होतात, त्यामुळे दिवसभर रेटून नेलेला त्रास नेमका त्या वेळी उघडा पडतो. वाळलेल्या कडब्याच्या गंजीवर ठिणगी पडल्यावर जे होते तेच येथे होते. आपल्याकडे सगळे लक्ष ठिणगीकडे जाते आणि गंजी मात्र वर्षभर तशीच वाळत राहते. वातावरणातील कारणे समजून घेणे महत्त्वाचेच आहे, परंतु आईंचे मळणीतले अटॅक थांबवायचे असतील तर उपचाराची सुरुवात मळणीच्या कितीतरी आधी, आतल्या सुजेपासून करावी लागेल.

आता त्या दिवसांतील हवेविषयी. सोयाबीनची धूळ दमा उठवू शकते हा केवळ आपल्याकडच्या शेतकऱ्यांचा अनुभव नाही. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण अचानक मोठ्या संख्येने रुग्णालयांत येत असत. अशा २६ दिवसांचा छडा लावल्यावर लक्षात आले की, त्या दिवशी बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवले जात होते, आणि ज्या कोठारात ते भरले जाई त्यावर धूळ अडवणारी गाळणी नव्हती. सोयाबीनच्या दाण्याच्या टरफलातील प्रथिन धुळीसोबत शहरावर पसरत होते. कोठारावर गाळण्या बसवल्यानंतर अशा साथी थांबल्या. ज्या धुळीने समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात माणसे दवाखान्यात गेली, ती धूळ आपल्याकडे मळणी यंत्राच्या तोंडाशी उभी असलेली बाई तासन्‌तास श्वासातून आत घेते, आणि तिच्या नाकावर बहुधा पदराशिवाय काहीही नसते.

दुसरे कारण मला अनेकदा टरफलाइतकेच, काही वर्षी तर त्याहूनही मोठे वाटते. परतीचा पाऊस लांबला की कापून ठेवलेले सोयाबीन भिजते, ताडपत्रीखाली गंजीत दडपून राहते आणि त्याच्या शेंगांवर काळपट बुरशी चढते. असे सोयाबीन यंत्रात घातले की भुशाबरोबर बुरशीचे असंख्य बीजाणू हवेत उडतात. अल्टरनेरिया नावाची, शेतातील वाळक्या काडावर वाढणारी काळी बुरशी दम्याच्या तीव्र अटॅकशी जोडलेली आहे, हे वैद्यकशास्त्रात चांगले माहीत आहे. म्हणून ज्या वर्षी माल काळा पडतो त्या वर्षी आईंचा त्रास अधिक होतो का, हे घरातल्यांनी आठवून पाहावे. तसे असेल तर भिजलेल्या मालाच्या मळणीला त्यांनी कोणत्याही परिस्थितीत उभे राहू नये.

याच दिवसांत आणखी चार गोष्टी एकत्र येतात. पावसावर वाढलेले गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, बांधावर आणि रस्त्याच्या कडेला फुलोऱ्यात असते. भारतात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली, आणि आज मराठवाड्यात त्याच्याशिवाय एकही पडीक तुकडा दिसत नाही. त्याचे परागकण नाक आणि श्वासनलिका दोन्हींना त्रास देतात, आणि ज्याचे नाक सतत वाहते किंवा चोंदते त्याचा दमा आटोक्यात ठेवणे अवघड जाते. दुसरी गोष्ट म्हणजे थंडी. दुपारी ऊन रणरणत असते आणि पहाटे गारठा पडतो, आणि परभणीत तर पुढे हिवाळ्यात पारा एक अंकी होतो. तिसरी गोष्ट सर्दीची साथ. लहान असो वा मोठा, दम्याचा अटॅक उठवणारे सर्वांत सामान्य कारण सर्दीचे विषाणू हेच आहे, आणि घरात शाळेत जाणारे मूल असेल तर ते विषाणू घरी येणारच. चौथी गोष्ट दिवाळीचा फटाक्यांचा धूर. यांपैकी एखादे कारण एकटे आले असते तर आईंनी कदाचित निभावून नेले असते. ऑक्टोबरात ती सगळी एका पाठोपाठ एक येतात.

शेत सोडावे का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. ज्या घराचे पोट शेतीवर आहे तेथे असा सल्ला देणे म्हणजे रुग्णाला न पाळता येणारी गोष्ट सांगून मोकळे होणे. परंतु शेतातील प्रत्येक काम सारखे नसते. खुरपणी, वेचणी, भाजीपाल्याचे काम, गुरांचे पाणी हे आईंना करता येईल. मळणी यंत्रात काड टाकणे, भुसा ओढणे, कडबा कुट्टी करणे, धान्य उफणणे आणि कीटकनाशकाची फवारणी ही कामे घरातील दुसऱ्या माणसाने करावीत. फवारणीचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे, कारण काही कीटकनाशके श्वासनलिका थेट आवळू शकतात, आणि फवारा मारणारा दुसरा असला तरी वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभ्या असलेल्या रुग्णाला त्रास होतो. मळणीच्या दिवशी शेतावर भाकरी घेऊन जायचेच असेल तर यंत्राच्या ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला थांबावे, एन-९५ प्रकारचा मास्क नाकाला घट्ट बसवावा, आणि घरी आल्यावर लगेच अंघोळ करून कपडे बदलावेत. पदर किंवा रुमाल मोठी धूळ अडवतो, बारीक बीजाणू अडवत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून विचारतो, कारण तपासताना ती रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत : मळणी झाल्यावर सोयाबीनची पोती कोठे ठेवली जातात? भाव वाढेल या आशेने कट्टे घरातच थप्पी लावून ठेवायचे आणि त्याच खोलीत झोपायचे, हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. मळणी दोन दिवसांत संपते, पण उशाशी रचलेल्या पोत्यांची धूळ दोन-तीन महिने रात्रभर श्वासात जात राहते. जागा कमी असते हे मला ठाऊक आहे. तरीही पोती आणि आईंची झोपण्याची जागा एका खोलीत नसावी, यासाठी घराने काहीतरी व्यवस्था करावी. पोत्यांवर ताडपत्री बांधून ती ओसरीत किंवा जनावरांच्या गोठ्यालगतच्या कोरड्या खोलीत हलवता आली तरी मोठा फरक पडतो.

घरातील हवेचा विचार करताना चुलीपासून सुरुवात करावी लागते. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून गॅस बहुतेक घरांत पोचला आहे, परंतु सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच होतात. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या यांचा धूर दम्याला सरळसरळ घातक आहे. गॅस पुरत नसेल तर पाणी तापवण्याची चूल भिंतीबाहेर, उघड्यावर न्यावी आणि ती पेटवण्याचे काम आईंकडे नसावे. दुसरी गोष्ट सांगताना बायका संकोचतात, ती म्हणजे मिश्री. तव्यावर तंबाखू भाजताना उठणारा धूर बंद स्वयंपाकघरात साठतो, आणि भाजणारी तसेच जवळ बसलेली मुले तो आत घेतात. मिश्री सोडलेलीच बरी, तिने तोंडाच्या कर्करोगाचाही धोका असतो. पण ती सुटेपर्यंत निदान घरात भाजू नये. डासांच्या कॉइलविषयी तर लोकांना कल्पनाच नसते. एका अभ्यासात असे आढळले की, एक कॉइल पूर्ण जळल्यावर सूक्ष्म धुळीचे जेवढे कण बाहेर पडतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असतात. दारे-खिडक्या लावून कॉइल पेटवणाऱ्या घरात दम्याचा रुग्ण असेल तर मच्छरदाणी हा एकच शहाणपणाचा मार्ग आहे. उदबत्ती, धूप आणि मिरची कांडण्याचा खकाणा यांनाही हेच लागू आहे. देवापुढे निरांजन पुरते.

आपल्या भागातील उन्हाळ्यात कूलर ही चैन राहिलेली नाही, पण त्याच्या जाळ्यांत भरलेला लाकडाचा भुसा वर्षानुवर्षे बदलला जात नाही आणि टाकीतले पाणी हिरवे होईपर्यंत राहते. असा कूलर म्हणजे खोलीत बुरशी फेकणारा पंखाच असतो. हंगामाच्या सुरुवातीला जाळीचे भरण नवीन घालावे, टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासावी आणि वाळू द्यावी. अंथरुणात राहणारे धुळीचे सूक्ष्म किडे दमट हवेत वाढतात, त्यामुळे कोकणाच्या मानाने आपल्याकडे त्यांचे प्रमाण कमी असावे असे कोणी म्हणेल, परंतु पावसाळ्यानंतर जुन्या वाकळा आणि गाद्या त्यांना पुरेशा असतात. वाकळ धुण्यासाठी कढत पाणी लागते, आणि जेथे टँकरची वाट पाहावी लागते तेथे दर आठवड्याला वाकळा धुवा असे मी सांगत नाही. उशीचा अभ्रा आणि वरची चादर तेवढी गरम पाण्यात धुवावी, आणि वाकळ कडक उन्हात दिवसभर टाकून मग दुसऱ्या कोणीतरी अंगणात झटकावी. झाडताना केरसुणीने धूळ उडवण्याऐवजी, एका तांब्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आईंची झोपायची खोली पुसली तर पाणीही फारसे लागत नाही.

अटॅकचे एक कारण औषधांच्या दुकानातून येते. मळणीनंतर अंग दुखते म्हणून बाया-माणसे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन असलेली गोळी घेतात किंवा कमरेत इंजेक्शन टोचून घेतात. प्रौढ दमा रुग्णांपैकी साधारण ७ टक्के लोकांना या औषधांनी तीव्र अटॅक येऊ शकतो, आणि तो अर्ध्या ते तीन तासांत येतो. माझ्या एका रुग्ण बाईंना असा अटॅक दोन वेळा आला, आणि दोन्ही वेळा दोष धुळीला दिला गेला. तिसऱ्यांदा घरच्यांनी इंजेक्शनची चिठ्ठी दाखवली तेव्हा मला खरा प्रकार कळला. ती चिठ्ठी मी पहिल्याच वेळी मागायला हवी होती, हे मला आजही वाटते. आईंचा अटॅक मळणीच्या दिवशी येतो की मळणीनंतर अंगदुखीची गोळी घेतल्यावर येतो, हे नीट तपासा. रक्तदाबाच्या किंवा थरथरीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ प्रोप्रॅनोलॉल, आणि काचबिंदूचे टिमोलॉल हे डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा दमा उठवतात. कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य "मला दमा आहे" हेच असावे.

आता पंपाविषयी. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल, आवळलेले स्नायू चार-सहा तासांसाठी सैल करतो. त्याने सुजेवर काहीही परिणाम होत नाही. म्हणूनच तो ओढला की बरे वाटते, आणि बरे वाटते म्हणून आतली सूज वाढत असल्याचे कळत नाही. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या जीना या संस्थेने २०१९ पासून स्पष्टच सांगितले आहे की, प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णाचा उपचार केवळ निळ्या पंपावर ठेवू नये. वर्षाला २०० मात्रांचे असे ३ किंवा अधिक पंप संपत असतील तर अटॅकचा धोका वाढलेला असतो, आणि महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा धोका असतो. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के रुग्ण भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. सूज उतरवणारा पंप न मिळणे किंवा मिळूनही न घेणे हे यामागचे एक प्रमुख कारण आहे, असे माझे ठाम मत आहे.

सूज उतरवणाऱ्या पंपात ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन यांसारखे स्टेरॉईड असते, आणि हा शब्द ऐकताच घर घाबरते. येथे हिशेब करून पाहावा. ब्युडेसोनाइडची दिवसाची नेहमीची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम असते. अटॅक आल्यावर दवाखान्यात दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांची एका दिवसाची मात्रा ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम असू शकते. दोन्ही औषधांची ताकद वेगळी असल्याने ही तुलना ढोबळ आहे, पण वजनाने पाहिले तर एका दिवसाच्या गोळ्या म्हणजे पंपाचे १०० दिवस होतात. शिवाय पंपातले औषध जेथे हवे तेथेच जाते आणि गोळीचे औषध सर्व शरीरभर फिरते. आयुष्यात अशा गोळ्यांचे चार-पाच कोर्स झाले तरी हाडे ठिसूळ होणे, मधुमेह आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढू लागतो. आईंचे १२ वर्षांत असे किती कोर्स झाले असतील, हे मोजावे. जो पंप स्टेरॉईड म्हणून नाकारला जातो, तोच त्यांना या गोळ्यांपासून वाचवू शकतो. आणि सवयीबद्दल सांगायचे तर, या पंपाची सवय लागत नाही. तो बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण आजार तेथेच असतो. चष्मा काढल्यावर धूसर दिसते म्हणून चष्म्याची सवय लागली असे आपण म्हणत नाही.

हल्ली अनेक रुग्णांना मी ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप सकाळ-संध्याकाळ देतो, आणि त्रास झाला तर तोच पंप वरून ओढण्यास सांगतो, कारण फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत आराम देते आणि प्रत्येक वेळी सुजेवरचे औषधही आत जाते. दिवसातून एकूण किती वेळा ओढायचा याची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. मात्र साल्मेटेरॉल असलेला पंप अशा रीतीने वापरता येत नाही, त्यामुळे आपल्या पंपावरील नाव वाचल्याशिवाय कोणीही हे स्वतःहून करू नये.

पंप लिहून देणे पुरेसे नसते, तो ओढता यावा लागतो. रोटाकॅप, म्हणजे पंपात घालून ओढायची कोरड्या पावडरीची कॅप्सूल, गोळी समजून पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यात त्यांची काहीही चूक नव्हती. त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. कोरड्या पावडरीचा पंप जोरात आणि खोल ओढायचा असतो, तर फवाऱ्याचा पंप हळूहळू ओढून १० सेकंद श्वास रोखायचा असतो. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावला तर औषध घशावर न आदळता फुप्फुसात उतरते. तो विकत घेणे शक्य नसेल तरी अडून बसू नये : दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथील डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून केलेला स्पेसर मुलांच्या अटॅकमध्ये विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडतो. भोक घट्ट बसायला हवे आणि बाटली आधी साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता वाळवायला हवी. पंप ओढल्यावर चूळ भरून टाकावी, म्हणजे तोंड येत नाही आणि आवाज बसत नाही. माझा आग्रह असा आहे की, दर भेटीत आईंनी डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवावा. नियंत्रणात न येणारा दमा पुष्कळदा चुकीच्या पद्धतीने ओढलेल्या पंपाचा असतो.

दमा आटोक्यात आहे की नाही हे ठरवण्यासाठी गेल्या ४ आठवड्यांविषयी घरातच चार प्रश्न विचारता येतात : दिवसाचा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा झाला का, रात्री दम्याने जाग आली का, तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला का, आणि दम्यामुळे एखादे काम अडले का. चारही उत्तरे नाही अशी आली तर दमा आटोक्यात आहे. तीन किंवा चार उत्तरे हो असतील तर तो मुळीच आटोक्यात नाही. मराठवाड्यातील बाया चौथ्या प्रश्नाला नेहमी नाही म्हणतात, कारण काम अडू देणे त्यांना माहीतच नसते, म्हणून तो प्रश्न मी मुलाला विचारतो : आई पाण्याची घागर आणताना वाटेत थांबते का?

एवढे करूनही अटॅक आलाच तर काय करायचे, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावे. आईंना आडवे न करता ताठ किंवा थोडे पुढे झुकून बसवावे. निळा पंप स्पेसरमधून एका वेळी एक असा चार वेळा द्यावा, प्रत्येक वेळी चार-सहा श्वास घेऊ द्यावेत. २० मिनिटांनी आराम नसेल तर पुन्हा तेवढेच द्यावे आणि वाहनाची व्यवस्था करावी. एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मानेचे स्नायू ओढले जात असतील, ऑक्सिजन ९२ पेक्षा खाली असेल किंवा रुग्ण गुंगीत जात असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि वाटेतही पंप देत राहावे. छातीतील सूं-सूं आवाज थांबला पण रुग्ण अधिकच दमलेला दिसतो, तेव्हा तो बरा झालेला नसतो. हवा आत-बाहेर होणेच बंद पडत आलेले असते, आणि हा सर्वांत धोक्याचा क्षण असतो. झोपेची गोळी कधीही देऊ नये. पातेल्यातील गरम पाण्याची वाफ हा उपचार नाही. सौम्य व मध्यम अटॅकमध्ये स्पेसरमधून दिलेला पंप दवाखान्यातील वाफेच्या मशीनइतकेच काम करतो, आणि तो घरात असल्यामुळे अर्धा-पाऊण तास वाचतो. तालुका २५ किलोमीटरवर असलेल्या वस्तीवर या अर्ध्या तासाला फार किंमत असते.

दवाखान्यातून घरी आल्यावर गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेले ५ ते ७ दिवस पूर्ण घ्याव्यात आणि आठवड्याभरात पुन्हा दाखवावे. ज्याला गेल्या १२ महिन्यांत एक मोठा अटॅक आला आहे त्याला दुसरा येण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच अधिक असते, आणि आपल्याकडे नेमक्या याच वेळी औषधे बंद केली जातात.

बीड, जालना भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून कठीण आहे. ऑक्टोबरपासून पाच-सहा महिने ती कोप्यांवर राहतात, चूल पुढ्यातच असते, पाचट पेटवलेल्या फडाचा धूर असतो आणि पंप संपला तर ओळखीचा डॉक्टर शेकडो किलोमीटरवर असतो. अशा रुग्णांना मी निघण्यापूर्वी बोलावतो, पूर्ण हंगामाचे पंप बरोबर देण्याचा प्रयत्न करतो आणि अटॅकमध्ये काय करायचे याचा कागद नवरा-बायको दोघांच्याही पिशवीत घालतो. आपल्या गावातून असे कोणी जात असेल तर त्यांना एवढे जरूर सांगावे.

गावोगावी मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत दम मोकळा होतो, कारण त्यांत अनेकदा स्टेरॉईडच मिसळलेले असते. वर्षभर पुड्या खाऊन चेहरा सुजलेले आणि साखर वाढलेले रुग्ण माझ्याकडे येतात. मृगाच्या सुरुवातीला हैदराबादेत जिवंत माशातून दिल्या जाणाऱ्या औषधासाठी आपल्याकडूनही लोक रेल्वेने जातात. त्याने दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही, आणि गर्दीच्या प्रवासाला निघताना पंप घरी ठेवून जाणे तर जिवावर बेतू शकते. लग्न ठरेपर्यंत मुलीचा पंप लपवून ठेवणाऱ्या आई-वडिलांना मी हात जोडून सांगतो की, लपवलेला पंप वेळेवर हाताशी येत नाही.

आईंच्या बाबतीत एक तपासणी मला आवश्यक वाटते. वय ४४ आहे आणि अनेक वर्षे चुलीपुढे गेली आहेत, त्यामुळे हा निव्वळ दमा आहे की धुरामुळे होणारा सीओपीडी हा फुप्फुसांचा कायमचा आजारही त्यात मिसळला आहे, हे स्पायरोमेट्रीने पाहावे. नळीत फुंकण्याची ही चाचणी औषध देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर अशी दोनदा करतात. औषधानंतर एका सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली तर दम्याचे निदान पक्के होण्यास मोठी मदत होते.

मळणीला अजून अवधी असेल तर आईंना ऑगस्टच्या अखेरीपूर्वी छातीच्या डॉक्टरांकडे न्यावे, म्हणजे सुजेवरचा पंप सुरू होऊन धूळ उडण्याआधी त्याला सहा-आठ आठवडे मिळतील. फ्लूची लस त्याच भेटीत घ्यावी. तीन महिने दमा पूर्ण आटोक्यात राहिला की मात्रा हळूहळू कमी करता येते, पण हे पाऊल मळणी आणि दिवाळी उलटून गेल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने उचलावे. जाताना घरातील सर्व पंप, रिकामे झालेले सुद्धा, अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटे आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून न्याव्यात.